अध्यक्षपद उजेडाचे, प्रश्न अंधाराचा

डॉक्टरांच्या, वकिलांच्या किंवा वास्तुविशारदांच्या संघटनेचा अध्यक्ष काही बोलला, तर त्याची बातमी होते. प्रकाशतज्ज्ञांच्या संघटनेचा अध्यक्ष कोण, हे मात्र त्या क्षेत्राबाहेर क्वचितच कोणाला ठाऊक असते. तरीही कार्यालयातील टेबलावर किती उजेड पडावा, वर्गातील फळा किती उजळलेला असावा, रस्त्यावरच्या दिव्याचा रंग पांढरा असावा की पिवळसर, याची उत्तरे बहुधा अशाच संघटनांच्या समित्यांत आकाराला येतात. तेथून ती मानकांत जातात, मानकांतून निविदांत आणि निविदांतून घराच्या खिडकीसमोरच्या खांबावर. त्यामुळे या अध्यक्षपदाचे काम नेमके काय आणि ते कोणाच्या बाजूने केले जाते, हा प्रश्न एका व्यवसायापुरता उरत नाही.

आज तो अधिक तातडीचा झाला आहे. निळ्या एलईडीच्या शोधाला २०१४ मध्ये नोबेल पारितोषिक मिळाले आणि त्यानंतरच्या दशकभरात जगातील दिव्यांचा चेहरामोहरा बदलला. भारतात जानेवारी २०१५ मध्ये सुरू झालेल्या 'उजाला' योजनेतून ३६ कोटींहून अधिक एलईडी दिव्यांचे वाटप झाले. सरकारी खरेदीत २०१४ साली ३१० रुपयांना पडणारा दिवा २०१६ पर्यंत ३८ रुपयांवर आला. पथदिव्यांच्या राष्ट्रीय कार्यक्रमात बदललेल्या दिव्यांची संख्या १ कोटी ३० लाखांच्या वर गेली. पाऱ्यासंबंधीच्या मिनामाता कराराच्या सदस्य देशांनी २०२३ मध्ये फ्लुरोसंट दिव्यांचे उत्पादन आणि आयात-निर्यात २०२७ अखेरपर्यंत टप्प्याटप्प्याने बंद करण्याचे ठरविले. म्हणजेच जुना दिवा जाणार हे निश्चित आहे आणि त्याच्या जागी येणारा नवा दिवा अनेक वर्षे टिकणारा आहे. आज निवड चुकली, तर तिचे परिणाम दीर्घकाळ भोगावे लागतील. अशा वेळी या व्यवसायाच्या सर्वोच्च पदावर बसलेल्या व्यक्तीने समाजाला कोणता सल्ला द्यावा, हा खरा मुद्दा आहे.

मान मोठा, मुदत छोटी

बहुतेक प्रकाशसंस्थांचे अध्यक्षपद मानाचे आणि बिनपगारी असते. मुदत साधारणतः एक किंवा दोन वर्षांची. अध्यक्ष आपली नोकरी किंवा सल्लागारीचा व्यवसाय सांभाळून हे काम करतो. आधी उपाध्यक्ष किंवा नियोजित अध्यक्ष म्हणून उमेदवारी करायची, मग अध्यक्षीय भाषण द्यायचे, शाखांना भेटी द्यायच्या, पारितोषिके वाटायची आणि कारभाराची घडी बसते न बसते तोच माजी अध्यक्षांच्या रांगेत जाऊन बसायचे, असा हा क्रम आहे. दैनंदिन कारभार पगारी कार्यालय पाहते. यावरून हे पद केवळ शोभेचे आहे, असा समज होणे स्वाभाविक आहे.

तो समज अर्धाच खरा आहे. कोणत्या विषयासाठी नवी समिती नेमायची, कोणत्या विषयाला कार्यक्रमपत्रिकेवर अग्रक्रम द्यायचा, सरकारी सुनावणीत संस्थेची बाजू कोणत्या शब्दांत मांडायची आणि एखाद्या सार्वजनिक वादात संस्थेने बोलायचे की गप्प राहायचे, या चार गोष्टींत अध्यक्षाचा शब्द वजनदार असतो. दिवा किती उजेड देतो, हे मोजता येते. पण किती उजेड 'पुरेसा' आहे, हे मोजमापाने नव्हे, चर्चेने ठरते. त्या चर्चेला कोण बसते, याला म्हणूनच महत्त्व आहे. अमेरिकेत मानके ठरविणाऱ्या समितीत उत्पादक, वापरकर्ते आणि तटस्थ तज्ज्ञ यांचा तोल राखावा, कोणा एका हितसंबंधाचे वर्चस्व होऊ देऊ नये, असा नियमच आहे. नियम कागदावर असतो. तोल राखणारी माणसे निवडावी लागतात.

अडचण येथेच सुरू होते. प्रकाशाचे सखोल ज्ञान असलेली माणसे बहुतांशी दिवे बनविणाऱ्या कंपन्यांत, वीज कंपन्यांत किंवा त्या कंपन्यांच्या ग्राहकांना सल्ला देणाऱ्या कचेऱ्यांत काम करतात. संस्थांच्या उत्पन्नाचा एक भागही पुरस्कर्त्यांकडून आणि व्यापारी प्रदर्शनांतून येतो. उत्तर अमेरिकेतील 'लाइटफेअर' हे मोठे प्रदर्शन अनेक वर्षे तेथील दोन प्रमुख प्रकाशसंस्थांच्या पुरस्काराने भरत आले आहे. यात बेकायदा काही नाही. मात्र ज्याच्या व्यवसायाचा नफा अधिक उजेडात आहे, त्यानेच उजेडाची मर्यादा सांगायची, अशी ही रचना आहे. गेल्या शतकभरात ती कोठे उपयोगी पडली आणि कोठे फसली, हे पाहण्यासारखे आहे.

झगमगाटाविरुद्ध झालेला जन्म

आजच्या संदर्भात आश्चर्य वाटेल, पण या संस्थांचा जन्म अधिक उजेडाच्या मागणीतून झाला नाही. न्यूयॉर्कमध्ये जानेवारी १९०६ मध्ये इल्युमिनेटिंग इंजिनिअरिंग सोसायटी स्थापन झाली, तेव्हा सल्लागार अभियंता लुई मार्क्स तिचे पहिले अध्यक्ष झाले. त्या काळी विजेचे दिवे उघडे, आच्छादनाविना, थेट डोळ्यांसमोर टांगलेले असत. मार्क्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांची तक्रार अशी, की अभियंते दिवा कार्यक्षम करण्यात गुंतले आहेत, पण त्या दिव्याचा उजेड कोठे पडतो, किती वाया जातो आणि डोळ्यांवर त्याचा काय परिणाम होतो, याचा विचार करणारा कोणीच नाही. वायूचे दिवे आणि विजेचे दिवे यांच्यात तेव्हा बाजारासाठी चुरस होती. नव्या संस्थेने दोन्ही बाजूंच्या लोकांना एका टेबलाशी बसविले आणि दिव्याच्या विक्रेत्याऐवजी दिव्याखाली बसणाऱ्या माणसाला विचाराच्या केंद्रस्थानी ठेवले.

लंडनमध्ये १९०९ साली याच नावाची संस्था निघाली. रुमानियात जन्मलेले अभियंते लिऑन गॅस्टर हे तिच्यामागचे खरे चालक होते. त्यांनी आदल्याच वर्षी या विषयाला वाहिलेले नियतकालिकही सुरू केले होते. अध्यक्षपदासाठी मात्र निवड झाली ती भौतिकशास्त्रज्ञ सिल्व्हेनस थॉम्प्सन यांची. ते रॉयल सोसायटीचे सदस्य होते आणि उत्तम अध्यापक म्हणून नावाजलेले होते. दिव्यांच्या व्यापारात ज्याचा कस लागलेला नाही, पण ज्याच्या शब्दाला विज्ञानाच्या जगात मान आहे, असा माणूस समोर असला की संस्थेचे म्हणणे सरकारला ऐकावे लागते. ब्रिटिश गृहखात्याने कारखान्यांतील प्रकाशव्यवस्थेची चौकशी करण्यासाठी १९१३ मध्ये समिती नेमली आणि १९१५ मध्ये तिचा पहिला अहवाल आला. अपुऱ्या उजेडात राबणाऱ्या कामगाराच्या डोळ्यांचा प्रश्न अशा रीतीने सरकारदरबारी पोहोचला. अध्यक्षपदाचा सर्वोत्तम उपयोग कसा होऊ शकतो, याचे हे आरंभीचे उदाहरण होय.

वाढता वाढता वाढे

पुढच्या पन्नास वर्षांत मात्र काटा दुसऱ्या टोकाला सरकला. वीज स्वस्त झाली, फ्लुरोसंट नळ्या आल्या आणि 'अधिक उजेड म्हणजे अधिक काम' हे सूत्र प्रचलित झाले. हे सूत्र सिद्ध करावे, या अपेक्षेने शिकागोजवळच्या हॉथॉर्न येथील वेस्टर्न इलेक्ट्रिक कंपनीच्या कारखान्यात १९२४ ते १९२७ या काळात प्रयोग करण्यात आले. विद्युत उद्योगाचा त्यांना पाठिंबा होता. निकाल मात्र अपेक्षेबाहेरचा लागला. उजेड वाढविला तेव्हा उत्पादन वाढले. पण उजेड कमी केला तेव्हाही ते घटले नाही. एका चाचणीत तर उजेड जवळजवळ चांदण्याइतका मंद करूनही कामगार महिलांचे काम टिकून राहिले. व्यवस्थापनशास्त्राच्या विद्यार्थ्यांना हॉथॉर्नचे नाव आज कामगारांच्या मानसिकतेसंबंधी ठाऊक असते. मुळात तो प्रयोग दिव्यांविषयी होता आणि दिवे विकणाऱ्यांना हवे ते उत्तर त्याने दिले नाही, ही गोष्ट सहसा सांगितली जात नाही.

तरीही मानके चढत राहिली. येथे आकड्यांची थोडी ओळख करून घेणे उपयुक्त ठरेल. एखाद्या पृष्ठभागावर पडणारा उजेड 'लक्स' या एककात मोजतात. पौर्णिमेच्या चांदण्यात तो एक लक्सहूनही कमी असतो, तर भर दुपारच्या उन्हात सुमारे एक लाख लक्स. माणसाचा डोळा या दोन्ही टोकांना जुळवून घेतो. म्हणूनच 'पुरेसा उजेड' ही कल्पना इतकी लवचीक आहे. अमेरिकी संस्थेने १९५८-५९ च्या सुमारास दृष्टिसंशोधक रिचर्ड ब्लॅकवेल यांच्या प्रयोगांच्या आधारे आपल्या शिफारशी बदलल्या आणि कार्यालयीन कामासाठी शिफारस सुमारे एक हजार लक्सपर्यंत गेली. आज अशाच कामासाठी ३०० ते ५०० लक्स सर्वसाधारणपणे पुरेसे मानले जातात. ब्लॅकवेल यांचे प्रयोग खोटे नव्हते. अंधूक ठिपका ओळखायला किती प्रकाश लागतो, हे त्यांनी काटेकोरपणे मोजले होते. पण प्रयोगशाळेतील ठिपका ओळखणे आणि टेबलावर टंकलिखित पत्र वाचणे यांत अंतर असते. ते अंतर किती धरायचे, हा निर्णय समितीचा होता आणि समितीने तो अधिक उजेडाच्या बाजूने घेतला.

या चढत्या आलेखाला आवर घातला तो कोणा अध्यक्षाने नव्हे, तर अरब देशांच्या तेलबंदीने. १९७३ च्या तेलसंकटानंतर अमेरिकी सरकारने आपल्या इमारतींसाठी साधा हिशेब मांडला: कामाच्या जागी ५० फूटकँडल, आजूबाजूला ३० आणि मार्गिकेत १०. एक फूटकँडल म्हणजे सुमारे पावणेअकरा लक्स. तेव्हा कामाच्या जागेचा उजेड एका फटक्यात निम्म्यावर आला. काम अडले नाही. प्रकाशसंस्थेनेही वारा ओळखला आणि १९७५ साली वातानुकूलन अभियंत्यांच्या संघटनेच्या जोडीने इमारतींच्या ऊर्जावापराचे मानक तयार करण्यात भाग घेतला. त्या मानकाची पुढची रूपे आजही जगभर प्रमाण मानली जातात. संस्था सुधारू शकते, हे त्यातून दिसले; पण ती बाहेरून धक्का बसल्याशिवाय सुधारत नाही, हेही दिसले.

डॉक्टर विरुद्ध दिवेवाले

असाच दुसरा धक्का २०१६ मध्ये बसला आणि या वेळी तो डॉक्टरांकडून आला. माणसाच्या डोळ्यात पाहण्याच्या पेशींखेरीज शरीराच्या घड्याळाला वेळ सांगणाऱ्या वेगळ्या पेशी असतात आणि त्या निळसर प्रकाशाला विशेष प्रतिसाद देतात, हे २००२ मध्ये स्पष्ट झाले होते. या ज्ञानाच्या आधारे अमेरिकन मेडिकल असोसिएशनने जून २०१६ मध्ये शहरांना सल्ला दिला, की एलईडी पथदिवे ३००० केल्विन किंवा त्याहून कमी रंगतापमानाचे, म्हणजे पिवळसर छटेचे असावेत. रंगतापमानाचा आकडा जितका जास्त, तितका उजेड निळसर पांढरा, असे हे गणित आहे. त्या सुमारास अनेक शहरांत ४००० केल्विन आणि त्याहून पांढरे दिवे बसवून झाले होते.

प्रकाशतज्ज्ञांची संस्था या सल्ल्यावर नाराज झाली. २०१७ मध्ये तिने अधिकृत निवेदन काढून असहमती नोंदविली. रंगतापमान हे एकच माप आरोग्यावरील परिणाम ठरवायला अपुरे आहे, उजेडाचे प्रमाण, कालावधी आणि दिशा यांचाही विचार हवा, असा तिचा युक्तिवाद होता. तांत्रिकदृष्ट्या तो बरोबर होता. पण त्याचा सार्वजनिक अर्थ काय लागला? डॉक्टर सांगतात दिवे मवाळ करा आणि दिव्यांचे जाणकार सांगतात की प्रश्न इतका सोपा नाही. महापालिकेच्या अभियंत्याला निविदेत एक आकडा लिहायचा असतो. तो आकडा डॉक्टरांनी दिला. प्रकाशतज्ज्ञांनी आकडा का देता येत नाही, याची कारणे दिली. लोक कोणाचे ऐकणार, हे सांगायला नको.

संस्थेच्या नेतृत्वाला हे उमगले असावे. २०२० मध्ये हीच संस्था गडद आकाशाच्या रक्षणासाठी काम करणाऱ्या आंतरराष्ट्रीय संघटनेबरोबर उभी राहिली आणि दोघांनी मिळून बाहेरच्या प्रकाशयोजनेची पाच तत्त्वे जाहीर केली. दिवा उपयोगाचा असावा, उजेड हवा तेथेच पडावा, गरजेपेक्षा प्रखर नसावा, नको तेव्हा मंद किंवा बंद करता यावा आणि शक्य तेथे उबदार रंगाचा असावा. पाच वाक्ये, कोणत्याही नगरसेवकाला समजतील अशी. वर्षानुवर्षे एकमेकांकडे संशयाने पाहणाऱ्या दोन गटांनी असे एकत्र येणे हे समितीच्या कामकाजातून आपोआप घडत नाही. कोणीतरी पदावरील व्यक्तीने समोरच्याला फोन करावा लागतो आणि आपल्याच सभासदांची नाराजी पत्करावी लागते. अध्यक्षपदाची खरी कसोटी तीच आहे.

घाई करायला कारणही होते. कृत्रिम उजेडाने व्यापलेले पृथ्वीवरील क्षेत्र २०१२ ते २०१६ या काळात दरवर्षी सुमारे २.२ टक्क्यांनी वाढल्याचे उपग्रहांच्या नोंदींवरून दिसले होते. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासाने चित्र आणखी गंभीर असल्याचे दाखविले. जगभरातील हजारो हौशी निरीक्षकांनी २०११ ते २०२२ या काळात केलेल्या ताऱ्यांच्या नोंदींनुसार रात्रीचे आकाश दरवर्षी सरासरी ९.६ टक्क्यांनी उजळत होते. जन्माच्या वेळी जेथून २५० तारे दिसतात, तेथून ते मूल अठरा वर्षांचे होईपर्यंत सुमारे शंभरच तारे दिसतील, असा याचा अर्थ. वीज वाचविण्यासाठी आणलेला दिवा स्वस्त झाला आणि म्हणूनच तो नको तेथेही लागला.

पगार कोण देतो?

या सगळ्यातून एक वेगळा नमुना लक्षात घेण्याजोगा आहे. प्रकाश आणि रंग यांच्या मोजमापाची जागतिक परिभाषा ठरविणारा आंतरराष्ट्रीय प्रकाश आयोग १९१३ साली स्थापन झाला. त्याचे मुख्यालय व्हिएन्नात आहे. त्याच्या अध्यक्षपदाची मुदत चार वर्षांची आहे. २०१५ ते २०१९ या काळात अमेरिकेच्या राष्ट्रीय मानक संस्थेतील योशी ओनो, २०१९ ते २०२३ मध्ये स्वित्झर्लंडच्या मापनसंस्थेतील पीटर ब्लाटनर आणि त्यानंतर कॅनडाच्या राष्ट्रीय संशोधन परिषदेतील जेनिफर विच यांनी हे पद सांभाळले. तिघांनाही वेतन देणारी संस्था सरकारी प्रयोगशाळा आहे. विच तर अभियंता नसून मानसशास्त्रज्ञ आहेत. उजेडाचा माणसाच्या वर्तनावर आणि स्वास्थ्यावर होणारा परिणाम हा त्यांच्या अभ्यासाचा विषय. शरीराच्या घड्याळावर होणारा प्रकाशाचा परिणाम कसा मोजावा, याचे आंतरराष्ट्रीय मानक याच आयोगाने २०१८ मध्ये प्रसिद्ध केले.

याचा अर्थ उद्योगातील माणसांनी अध्यक्ष होऊ नये, असा नाही. कारखान्यात दिवा कसा घडतो, हे ठाऊक नसलेला अध्यक्ष निरुपयोगी सल्ला देण्याचा धोका असतो. पण मुदत पुरेशी लांब असेल आणि पगार तिसरीकडून येत असेल, तर अप्रिय बोलण्याची सोय होते, एवढे मान्य करावे लागेल. एका वर्षाच्या अध्यक्षाला उजेड कमी करण्याचा आग्रह धरून पुढच्या वर्षी त्याच ग्राहकांकडे जायचे असते.

आपल्याकडे कोण बोलते?

मराठी रसिकाला 'प्रकाशयोजनाकार' हा शब्द परिचित आहे तो रंगभूमीमुळे. राज्य नाट्य स्पर्धेत प्रकाशयोजनेसाठी स्वतंत्र पारितोषिक दिले जाते आणि चांगल्या प्रकाशयोजनेचे कौतुक करणारा प्रेक्षकही आपल्याकडे आहे. रंगमंचावर काय उजळायचे याइतकेच काय अंधारात ठेवायचे, हे महत्त्वाचे असते, हे त्या प्रेक्षकाला कोणी शिकवावे लागत नाही. नाट्यगृहाबाहेर पडून रस्त्यावर आले, की हा विचार संपतो. रस्त्याची प्रकाशयोजना कोणी केली, हे विचारले जात नाही, कारण ती बहुधा 'केलेली' नसते. खांब आणि दिवे यांची केवळ खरेदी झालेली असते.

मुंबईच्या मरिन ड्राइव्हवर २०१५ च्या आरंभी हेच घडले. सोडियमचे पिवळे दिवे काढून पांढरे एलईडी बसविले गेले आणि 'क्वीन्स नेकलेस'चा रंग बदलला. मुंबईकर हळहळले, सत्ताधारी मित्रपक्षांतच जुंपली आणि प्रकरण उच्च न्यायालयापर्यंत गेले. सोडियमच्या दिव्याचे रंगतापमान सुमारे २००० केल्विन असते. पांढऱ्या एलईडीचे त्याच्या दुपटीहून अधिक असू शकते. उबदार छटेचे एलईडी तेव्हाही उपलब्ध होते. म्हणजे ऊर्जाबचत आणि सौंदर्य यांच्यात विरोध नव्हताच. विरोध होता तो विचारपूर्वक निवड आणि घाईची खरेदी यांच्यात. हे सांगणारा तटस्थ, अधिकारी आवाज त्या गदारोळात ऐकू येणे आवश्यक होते. वाद गाजला तो मात्र राजकीय पक्षांच्या नावाने.

पुढे सुशोभीकरणाच्या नावाखाली खांबांना आणि झाडांना रंगीत दिव्यांच्या माळा गुंडाळल्या गेल्या. झाडांवरच्या या रोषणाईविरुद्धची जनहित याचिका २०२४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयापुढे आली. त्याच वर्षी जानेवारीत पेंच व्याघ्र प्रकल्पाला देशातील पहिले 'डार्क स्काय पार्क' म्हणून आंतरराष्ट्रीय मान्यता मिळाली. एकाच राज्यात एकीकडे झाडाला रात्रभर झोप नाही आणि दुसरीकडे अंधाराचे प्रमाणपत्र अभिमानाने मिरविले जाते, हे चित्र विसंगत आहे खरे. पण अंधार राखायचा ठरविला तर राखता येतो, एवढा धडा त्यातून निश्चित घेता येतो.

कायद्याची बाजूही लंगडी आहे. ध्वनिप्रदूषणासाठी २००० सालचे नियम आहेत. रात्री दहानंतर ध्वनिक्षेपक वाजला तर नागरिक पोलिसांत तक्रार करू शकतो. शेजारच्या जाहिरात फलकाचा उजेड रात्रभर शयनगृहात येत असेल, तर त्यासाठी असा स्वतंत्र नियम नाही. फ्रान्सने २०१८ च्या आदेशाने बाहेरच्या दिव्यांच्या रंगतापमानावर मर्यादा घातली आणि दिवे विझविण्याच्या वेळाही ठरवून दिल्या. आपल्याकडे भारतीय मानक ब्युरोची राष्ट्रीय प्रकाश संहिता २०१० पासून आहे, प्रकाश अभियंत्यांची 'इंडियन सोसायटी ऑफ लायटिंग इंजिनिअर्स' ही राष्ट्रीय संस्थाही आहे. परंतु १९७२ च्या कायद्यामुळे वास्तुविशारदाला जशी नोंदणी आणि जबाबदारी मिळाली, तशी प्रकाशयोजनाकाराला मिळालेली नाही. कोणीही स्वतःला प्रकाशतज्ज्ञ म्हणवू शकतो आणि चुकीच्या योजनेबद्दल कोणाची सनद रद्द होत नाही. कायद्याचे पाठबळ नसलेल्या व्यवसायात संघटनेच्या अध्यक्षाचा नैतिक अधिकार हीच काय ती मर्यादा उरते.

येथे एक आक्षेप गांभीर्याने घेतला पाहिजे. रात्री कामावरून परतणाऱ्या स्त्रीला उजळलेला रस्ता हवा असतो आणि देशातील कित्येक वस्त्यांत आजही दिव्याचा खांबच नाही. तेथे कमी उजेडाचा उपदेश म्हणजे पोटभर जेवलेल्याने उपवासाचे महत्त्व सांगण्यासारखे आहे. आक्षेप रास्त आहे. पण सुरक्षितता उजेडाच्या प्रखरतेपेक्षा त्याच्या समान वाटणीवर अधिक अवलंबून असते. डोळे दिपविणाऱ्या एका दिव्यानंतर लागणारा काळोखाचा पट्टा हा सलग मंद उजेडापेक्षा अधिक धोकादायक असतो, कारण डोळ्याला जुळवून घ्यायला वेळ लागतो. दिव्याला आच्छादन नसेल, तर समोरून येणारा माणूस दिसतच नाही. दिसतो तो फक्त दिवा. वस्तीत खांब हवा आणि महामार्गावरच्या फलकाचा उजेड कमी हवा, या दोन मागण्या परस्परविरोधी नाहीत. दोन्ही मागण्या न्याय्य वाटपाच्या आहेत आणि हे लोकांना समजावून सांगण्याचे काम ज्ञान असलेल्यांचेच आहे.

अपेक्षा कोणती?

प्रकाशतज्ज्ञांच्या अध्यक्षाकडून समाजाने काय मागावे, याचे उत्तर या इतिहासातून मिळते. पहिली मागणी पारदर्शकतेची. समितीत बसणाऱ्या प्रत्येकाचे हितसंबंध जाहीर असावेत आणि तेथे डॉक्टर, पर्यावरण अभ्यासक व सामान्य वापरकर्ता यांनाही खुर्ची असावी. दुसरी मागणी भाषेची. महापालिकेच्या विद्युत विभागातील कनिष्ठ अभियंत्याला आणि प्रभागाच्या नगरसेवकाला कळेल असा, एका पानात मावणारा सल्ला मराठीसह भारतीय भाषांत उपलब्ध व्हावा. तिसरी मागणी पडताळणीची. दिवे बसविल्यानंतर रस्त्यावर प्रत्यक्ष किती उजेड पडतो, तो कोणाच्या खिडकीत शिरतो, हे मोजून प्रसिद्ध करण्याची सवय लावावी. आणि चौथी मागणी मुदतीची. वर्षभराच्या मानाच्या पदाऐवजी तीन-चार वर्षांची जबाबदारी असेल, तर आरंभिलेले काम तडीला नेता येईल.

मार्क्स यांच्या काळात दिवा महाग होता. उजेड वाया जातो म्हणजे पैसा वाया जातो, हे लोकांना पटवावे लागत नव्हते. आज दिवा ३८ रुपयांवर येऊन गेला आहे आणि काटकसरीचा तो स्वाभाविक लगाम सुटला आहे. तेलबंदीसारखा धक्का पुन्हा बसेलच, अशी खात्री नाही आणि तशी वाट पाहणे शहाणपणाचेही नाही. किंमत जेथे मर्यादा घालत नाही, तेथे ती जाणकारांनी घालावी लागते. आपल्याच व्यवसायाला 'येथे दिवा नको' असे सांगण्याची तयारी ज्या अध्यक्षाची असेल, त्याचे नाव शहरांना ठाऊक असायला हवे.